व्हिब्रिओ प्रजातीचे नामकरण आणि वर्गीकरण : एक ऐतिहासिक परामर्श

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव हे समुद्रापासून पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. मग तो पश्चिमेचा अरबी समुद्र असो वा पूर्वेचा बंगालचा उपसागर. त्या तालुक्यातील बेंबळा नदी वर्धेला मिळते, वर्धा व वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीबरोबर समुद्रास जाते. येथील पाणी समुद्राकडे जाते. समुद्राचे पाणी इकडे येत नाही. तेव्हा अशा भूभागातील अभ्यासकाने सागरी जिवाणूंच्या एका प्रजातीच्या नावाचा इतिहास का तपासावा, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर वऱ्हाडातील गावांच्या शिवेवरच मिळते. पटकीच्या साथीपासून गावाचे रक्षण करणारी म्हणून जिची पूजा होत आली, त्या मरीआईची ठाणी ह्या प्रदेशात जागोजाग आहेत. ज्या जिवाणूमुळे ती साथ उद्भवते तो व्हिब्रिओ ह्या प्रजातीचा आहे, आणि ती प्रजाती मूलतः समुद्राची व खाडीमुखांची रहिवासी आहे. समुद्रात राहणाऱ्या एका जीवकुलाचा घटक समुद्र न पाहिलेल्या गावाच्या विहिरीत येतो, ह्यात जो विरोध दिसतो त्याचा उलगडा होण्यास विज्ञानाला दीर्घकाळ लागला. हा विलंब बऱ्याच अंशी नावामुळे झाला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

व्हिब्रिओ हे नाव अडीचशे वर्षे टिकून आहे. परंतु त्या नावाखाली कोणते जीव यावेत ह्याची कसोटी मात्र वारंवार बदलली. प्रथम हालचाल, नंतर आकार, त्यानंतर रोग आणि शेवटी जीवरसायन व आनुवंशिकता, अशा क्रमाने ती बदलत गेली. प्रत्येक कसोटीने नावाच्या सीमा वेगळ्या आखल्या आणि त्या सीमांनुसार संशोधकांची दृष्टीही वळली. येथे ‘प्रजाती’ हा शब्द निकटसंबंधी जातींच्या समूहासाठी आणि ‘जाती’ हा त्या समूहातील एकेका घटकासाठी योजिला आहे.

१. लोकांनी दिलेले नाव

शास्त्रीय नावाकडे वळण्यापूर्वी लोकांनी दिलेल्या एका नावाचा विचार करणे इष्ट ठरेल, कारण ते आपल्याच भाषेतील आहे. गास्पार कोरैया ह्या पोर्तुगीज इतिहासकाराने १५४३ साली गोव्यात आलेल्या एका भयंकर साथीचे वर्णन केले असून येथील लोक तीस ‘मोरिक्सी’ म्हणत, असे नमूद केले आहे. पुढे गार्सिया द ऑर्ता ह्या गोव्यातील पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तेथेच छापून प्रसिद्ध केलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात ह्या विकाराला एक स्वतंत्र प्रकरण दिले. त्यानेही हेच देशी नाव दिले आहे आणि त्याबरोबर अरबांचे नावही नोंदविले आहे. हा शब्द म्हणजे मराठी व कोंकणीतील ‘मोडशी’ होय. ‘मोडणे’ ह्या क्रियापदाशी त्याचा संबंध लावला जातो: शरीर मोडून पडणे, गात्रे खचणे असा त्याचा आशय. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे ‘मोर्देशी’ झाले आणि फ्रेंचांनी त्याच ध्वनीत आपल्या भाषेतील ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचे शब्द ऐकले. परिणामी एका मराठी क्रियापदापासून निघालेले नाव युरोपात अगदी निराळ्याच व्युत्पत्तीने रूढ झाले.

ह्या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे हे नाव लक्षणावरून दिलेले होते. त्यात कारणाचा विचार नव्हता आणि तो असण्याचे कारणही नव्हते. दुसरी अशी की नाव तेच राहून अर्थ बदलू शकतो. आज मराठीत मोडशी म्हणजे अपचनाने होणारा सौम्य त्रास. प्राणघातक साथीला आपण पटकी म्हणतो. सोळाव्या शतकातील मोडशी ही आजच्या पटकीशी सर्वांशी एकरूप होती की काय, ह्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि केवळ नावाच्या साम्यावरून तो वाद मिटविणे योग्य होणार नाही. शास्त्रीय नावांच्या बाबतीतही हाच धोका संभवतो, हे पुढे दिसून येईल.

ज्या साथीने पटकीला जागतिक महत्त्व आले ती १८१७ साली बंगालमधील जेसोर येथे सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज ह्याच्या छावणीतील सैन्यात तिने मोठा संहार केला, आणि १८१८ साली, म्हणजे पेशवाईच्या अस्ताच्या वर्षी, ती नागपूर व मुंबई येथे येऊन पोहोचली. मराठी मुलखाच्या स्मृतीत राजकीय उलथापालथ व महामारी ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कोरल्या गेल्या. त्या काळी ह्या रोगाचे कारण हवेत शोधावे की पाण्यात, की देवीच्या कोपात, ह्याबद्दल कोठेच एकमत नव्हते.

२. हालचालीवरून आकाराकडे

व्हिब्रिओ हे नाव पटकीच्या संदर्भात मुळीच जन्मास आले नव्हते. डेन्मार्कमधील निसर्गशास्त्रज्ञ ओटो फ्रीड्रिख म्यूलर ह्याने १७७३ साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जीवांची वर्गवारी करताना हे नाव वापरले. लॅटिनमध्ये थरथरणे, कंप पावणे अशा अर्थाचे जे क्रियापद आहे त्यापासून ते घेतलेले आहे. पाण्याच्या थेंबात जे लांबट जीव वळवळताना दिसत ते सर्व म्यूलरच्या दृष्टीने व्हिब्रिओ. त्यामुळे ह्या एका नावाखाली अत्यंत भिन्न जीव एकत्र आले. शिरक्यात आढळणारा सूत्रकृमी त्यात होता, आज डायाटम म्हणून ओळखली जाणारी एक एकपेशीय वनस्पतीही त्यात होती, आणि ज्यांना आपण जिवाणू म्हणतो तेही होते. म्यूलरच्या हाती जी साधने होती ती लक्षात घेता त्यास दोष देता येत नाही. जे दिसत होते तेच त्याने नोंदविले. आणि त्याला प्रामुख्याने हालचालच दिसत होती.

एकोणिसाव्या शतकात भिंगे सुधारली. जर्मन शास्त्रज्ञ एहरेनबेर्ग ह्याने १८३८ सालच्या आपल्या बृहद्‌ग्रंथात ह्या जीवांचे एक स्वतंत्र कुल मानले व त्यात व्हिब्रिओला स्थान दिले. फेर्डिनांट कोन ह्याने १८७२ साली जिवाणूंचे आकारानुसार वर्ग पाडले: गोल, आखूड दंडाकृती, लांब सूत्राकृती आणि मळसूत्री. ह्या योजनेत व्हिब्रिओ ही प्रजाती दंडगोल व मळसूत्र ह्यांच्या सीमेवर उभी राहिली. किंचित वाकलेला दंड हे तिचे लक्षण ठरले. कृमी व वनस्पती त्या नावातून बाहेर पडल्या हा मोठाच लाभ झाला. परंतु ‘वाकलेला’ ही कसोटी ‘वळवळणारा’ ह्या कसोटीहून फार सूक्ष्म होती असे म्हणता येत नाही. वाकलेले जिवाणू सांडपाण्यात सापडतात, मनुष्याच्या तोंडात सापडतात आणि चीजमध्येही सापडतात. त्या सर्वांना पुढे व्हिब्रिओ म्हणण्यात आले.

३. रोगाच्या छायेत

इटलीतील फ्लॉरेन्स येथे १८५४ साली पटकीची साथ आली असता फिलिप्पो पाचिनी ह्या शरीरशास्त्रज्ञाने मृतांच्या आतड्यांची सूक्ष्मदर्शकाने तपासणी केली. तेथे त्याला वाकड्या जिवाणूंचे असंख्य थवे आढळले आणि तेच रोगाचे कारण होत, असे त्याने प्रसिद्ध केले. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो ह्याने ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी व पटकीचे मृत्यू ह्यांचा संबंध दाखवून दिला. दोघांची निरीक्षणे एकमेकांस पूरक होती. तथापि ती परस्परांपर्यंत पोहोचली नाहीत, आणि दूषित हवेच्या सिद्धांताचा प्रभाव असलेल्या वैद्यकाने पाचिनीकडे दुर्लक्षच केले. १८८३ सालच्या जुलै महिन्यात तो निवर्तला.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी रोबेर्ट कॉख ह्याच्या नेतृत्वाखालील जर्मन पथक इजिप्तला निघाले, आणि वर्ष संपण्यापूर्वी ते कलकत्त्यास आले. १८८४ सालाच्या आरंभी कॉखने जिवाणूची शुद्ध पैदास केल्याचे जाहीर केले आणि स्वल्पविरामासारख्या आकारावरून त्यास ‘कॉमा बॅसिलस’ असे नाव दिले. ज्या वस्तीत रोगी होते तिच्या वापरातील तलावातही तेच जिवाणू मिळाल्याचे त्याने दाखविले. ब्रिटिश सरकारने ह्यानंतर क्लाइन व गिब्स ह्यांस चौकशीसाठी पाठविले आणि त्यांनी कॉखचा निष्कर्ष अमान्य केला. ह्या मतभेदामागे केवळ शास्त्र नव्हते. रोग संसर्गजन्य ठरला तर हिंदुस्थानातून सुएझमार्गे जाणाऱ्या जहाजांवर विलग्नवासाचे निर्बंध येणार, ही व्यापारी चिंता त्या वादाच्या पार्श्वभूमीवर सतत होती.

जिवाणूचे अस्तित्व मान्य झाले तरी त्याचे नाव मात्र ठरेना. त्रेविझानने पाचिनीच्या सन्मानार्थ ‘पाचिनिया’ अशी प्रजाती सुचविली. झोप्फने ह्याच जिवाणूला ‘स्पिरिलम’ प्रजातीत घातले. श्रोएटरने १८८६ साली ‘मायक्रोस्पायरा कॉमा’ हे नाव दिले. त्यातील ‘कॉमा’ हे जातिनाम व्हिब्रिओला जोडून ‘व्हिब्रिओ कॉमा’ हे रूप पुढे रूढ झाले आणि अमेरिकेत प्रसिद्ध होणाऱ्या बर्गीच्या प्रमाणग्रंथाच्या १९५७ सालच्या सातव्या आवृत्तीतही तेच कायम होते. एका जीवाला इतकी नावे असणे हा केवळ पांडित्याचा गोंधळ नव्हे. त्या प्रत्येक नावाच्या मुळाशी प्रजाती म्हणजे काय, ह्याविषयीची वेगळी कल्पना होती.

ह्या कालखंडाचा खरा परिणाम मात्र वेगळाच झाला. पटकीच्या भीतीमुळे प्रजातीचा विचार पटकीभोवतीच फिरू लागला. कोणताही वाकडा जिवाणू सापडला की तो पटकीचा आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारला जाई. पटकीच्या जिवाणूविरुद्ध तयार केलेल्या रक्तरसात मिसळताच ज्याचे पुंजके बनतील तो खरा, आणि ज्याचे बनणार नाहीत तो ‘पुंजके न बनविणारा’, अशी विभागणी झाली. ही दुसरी संज्ञा नकारात्मक होती. तिच्याखाली असंख्य जिवाणू टाकण्यात आले आणि ते निरुपद्रवी समजून त्यांचा अभ्यास मागे पडला. ते राहतात कोठे, खातात काय, त्यांचे परस्परांशी नाते काय, हे विचारण्याची निकड कोणास वाटली नाही.

मुंबईत हाफकिन ह्याच्या प्लेगवरील कार्यातून १८९९ साली परळ येथे जी प्रयोगशाळा उभी राहिली व १९२५ पासून जी हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते, ती ह्या रोगकेंद्रित परंपरेचेच फळ होय. हाफकिनने प्लेगपूर्वी, १८९४ पासून, कलकत्त्यात पटकीची लस टोचण्याचे प्रयोग केले होते. ह्या परंपरेने असंख्य प्राण वाचविले आहेत, हे विसरून चालणार नाही. येथे तिची उणीव दाखविण्याचा हेतू नसून तिच्या दृष्टीची मर्यादा कोठे होती एवढेच सांगावयाचे आहे.

४. एल टॉर : नाव आणि निर्बंध

नामकरणाचे व्यावहारिक परिणाम किती दूरवर जातात ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे एल टॉर प्रकरण. सिनाई द्वीपकल्पातील एल टॉर येथील विलग्नवास केंद्रात १९०५ साली गोट्श्लिख ह्यास हज यात्रेहून परतणाऱ्या यात्रेकरूंच्या मृतदेहांत एक जिवाणू सापडला. त्यांना पटकी झालेली नव्हती; तरी तो जिवाणू पटकीच्या रक्तरसात पुंजके बनवीत असे आणि शिवाय रक्तातील तांबड्या पेशी फोडीत असे. तो पटकीचा मानावा की वेगळा? १९३३ साली त्यास ‘व्हिब्रिओ एल्टॉर’ असे स्वतंत्र जातिनाम देण्यात आले. नाव वेगळे असल्याने रोगही वेगळा, असा समज दृढ झाला. आंतरराष्ट्रीय आरोग्यविषयक नियमांत ‘पटकी’ म्हणून ज्या रोगासाठी निर्बंध होते, त्यात एल टॉरचा समावेश स्पष्ट नव्हता.

१९६१ साली इंडोनेशियातील सेलेबेस बेटावरून नवी जागतिक साथ पसरू लागली, आणि तिचा जिवाणू होता तो हाच एल टॉर. कागदावर ती पटकी नव्हती. परंतु माणसे पटकीनेच मरत होती. अखेर १९६२ साली जागतिक आरोग्य सभेने एल टॉरमुळे होणारा रोग हा पटकीच समजावा असा निर्णय दिला. भारतात ही साथ १९६४ साली आली. १९६५ साली ह्यू ह्याने दोन्ही जिवाणूंची गुणधर्मांच्या आधारे तुलना केली, आणि पुढे एल टॉर ही स्वतंत्र जाती नसून एकाच जातीचा प्रकार आहे, हे मान्य झाले. जातिनामाच्या एका शब्दावर बंदरांचे दरवाजे उघडे राहावेत की बंद व्हावेत हे अवलंबून होते, हे वर्गीकरणाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

५. सीमांचे पुनर्लेखन

त्याच दशकात प्रजातीच्या सीमाही नव्याने आखल्या गेल्या. गुरांमध्ये गर्भपात घडवून आणणारा एक वाकडा जिवाणू १९१९ पासून ‘व्हिब्रिओ फीटस’ ह्या नावाने ओळखला जात होता. तो वाकडा होता हे खरे. परंतु शर्करेचे किण्वन करण्याची शक्ती त्यात नव्हती आणि मुक्त ऑक्सिजनाचे प्रमाण अल्प असेल तरच तो वाढे. १९६३ साली फ्रान्समधील सेबाल्ड व व्हेरॉन ह्यांनी ह्या जिवाणूंच्या डी.एन.ए.ची घटना मोजली. डी.एन.ए.मधील चार घटकांपैकी ग्वानिन व सायटोसिन ह्यांचे एकत्रित प्रमाण पटकीच्या जिवाणूत शेकडा ४७च्या आसपास असते. व्हिब्रिओ फीटसमध्ये ते पुष्कळच कमी, म्हणजे शेकडा तीस ते छत्तीसच्या दरम्यान, भरले. एवढा फरक असलेले जीव एका प्रजातीत ठेवणे अशक्य होते. त्यांनी ‘कॅम्पायलोबॅक्टर’ ही नवी प्रजाती स्थापन केली. आकाराच्या कसोटीचे महत्त्व येथे संपले. दोन जीव एकसारखे दिसत असूनही परस्परांचे कोणीही नसू शकतात, हे सिद्ध झाले.

१९६५ साली दोन महत्त्वाच्या घटना घडल्या. व्हेरॉनने ‘व्हिब्रिओनेसी’ हे कुल मांडले. आणि जिवाणूंच्या नामकरणासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायमंडळाने आपल्या एकतिसाव्या निर्णयान्वये व्हिब्रिओ हे प्रजातिनाम म्यूलरच्या नव्हे तर पाचिनीच्या नावे, १८५४ ह्या सालासह, कायम केले. व्हिब्रिओ कॉलेरी ही तिची प्रमाण जाती ठरविली आणि तिच्यासाठी एक प्रमाण वाणही नेमून दिले. म्यूलरच्या मूळ वर्णनातील जीव नेमके कोणते हे ओळखणे शक्य नव्हते. म्हणून ज्या जीवाविषयी संशय नाही त्याच्याशी नाव बांधून टाकण्यात आले. हा निर्णय कायद्याच्या भाषेत असला तरी त्यात एक उशिरा केलेला न्यायही आहे. जिवंतपणी ज्याचे कोणी ऐकले नाही त्या फ्लॉरेन्सच्या शरीरशास्त्रज्ञाचे नाव मृत्यूनंतर ८२ वर्षांनी प्रजातीपुढे लागले आणि ‘कॉमा’ हे जातिनाम मागे पडले.

६. समुद्राची बाजू

आतापर्यंतचा इतिहास रोग्याच्या खाटेजवळचा होता. त्याला समांतर असा दुसरा इतिहास समुद्रावर घडत होता, आणि दोहोंना जोडणारा दुवा सुरुवातीपासून उपलब्ध होता. कॉखबरोबर कलकत्त्यास आलेल्या पथकात बेर्नहार्ट फिशर नावाचा आरमारी वैद्य होता. पटकीच्या मोहिमेनंतर काही वर्षांनी त्यानेच वेस्ट इंडीजच्या समुद्रातून अंधारात प्रकाशणारे जिवाणू वेगळे केले आणि १८८७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा प्रकाशमान जिवाणू दीर्घकाळ ‘व्हिब्रिओ फिशेराय’ म्हणून परिचित होता. पटकीचा जिवाणू व समुद्राला तेज देणारा जिवाणू हे दोन्ही एकाच मनुष्याच्या हाताखालून गेले. तथापि ते एकाच घराण्यातले असतील ही कल्पना त्या काळात शक्य नव्हती. डच शास्त्रज्ञ बायेरिंकने १८८९ साली प्रकाशमान जिवाणूंसाठी ‘फोटोबॅक्टेरियम’ ही प्रजाती केली, आणि दोन्ही प्रवाह वेगळे वाहू लागले.

ते पुन्हा एकत्र येण्यास जपानमधील एक दुर्घटना कारण झाली. १९५० साली ओसाका परिसरात लहान वाळविलेले मासे खाल्ल्याने २७२ माणसे आजारी पडली व त्यांपैकी २० दगावली. फुजिनो ह्याने त्यातून एक जिवाणू वेगळा केला आणि त्यास ‘पाश्चुरेला’ प्रजातीत ठेवले. तो मिठाशिवाय वाढत नसे, हे ध्यानात आल्यावर १९६१ साली त्यास ‘ओशिॲनोमोनास’ ह्या सागरी नावाच्या प्रजातीत हलविण्यात आले. शेवटी १९६३ साली साकाझाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो व्हिब्रिओच आहे असे दाखवून ‘व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस’ हे नाव दिले. तेरा वर्षांत तीन प्रजाती झाल्या. परंतु ह्या प्रवासाच्या शेवटी रोगकारक असूनही निःसंशय सागरी असलेली जाती पटकीच्या जिवाणूशेजारी येऊन बसली.

१९७१ साली बॉमन दांपत्य व मँडेल ह्यांनी अनेक सागरी जिवाणूंना ‘बेनेकिया’ ह्या प्रजातीत एकत्र केले. जणू समुद्रासाठी वेगळे नाव व रोगासाठी वेगळे नाव, अशी वाटणीच झाली. ती फार काळ टिकली नाही. प्रथिनांची तुलना करता बेनेकिया व व्हिब्रिओ ह्यांच्यात प्रजातिभेद मानण्यास आधार उरला नाही, आणि १९८० साली त्यांच्या प्रवर्तकांनीच बेनेकिया रद्द करून तिच्या जाती व्हिब्रिओत आणल्या. आपणच उभी केलेली प्रजाती आपल्याच हाताने मोडण्याचा हा प्रामाणिकपणा आदर्शवत होय. उलटपक्षी फिशरचा प्रकाशमान जिवाणू व त्याचे निकटवर्ती आप्त २००७ साली ‘ॲलिव्हिब्रिओ’ ह्या नव्या प्रजातीत गेले. म्हणजे सीमा एकीकडे विस्तारत होत्या आणि दुसरीकडे आकुंचत होत्या. आज व्हिब्रिओ प्रजातीत शंभराहून अधिक जाती मान्य असून बहुतेक सर्व समुद्र, खाड्या व जलचर प्राणी ह्यांच्याशी निगडित आहेत. मनुष्यास रोग देणाऱ्या जाती त्यांत मोजक्याच आहेत. ज्या रोगाने प्रजातीचे नाव जगभर केले, तो तिच्या जीवनातील एक अपवाद आहे.

७. पटकीचे मूळ घर

१९७० साली सिटारेला व कोलवेल ह्यांनी डी.एन.ए.च्या तुलनेने दाखवून दिले की पुंजके न बनविणारे म्हणून बाजूला ठेवलेले अनेक जिवाणू पटकीच्या जिवाणूशी एकाच जातीचे आहेत. १९७७ साली रीटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील चेसापीक उपसागराच्या पाण्यात व्हिब्रिओ कॉलेरी आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्या पाण्याजवळ पटकीचे रोगी नव्हते. तेव्हा जिवाणू रोग्याकडून पाण्यात आला, हे नेहमीचे उत्तर तेथे लागू पडेना. तो मुळात पाण्यातच राहणारा आहे असे मानावे लागले. पुढील अभ्यासांत तो कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांना चिकटून राहतो आणि त्यांच्या कवचातील कायटिन पचवितो, असे दिसून आले. व्हिब्रिओच्या बहुतेक जातींना वाढण्यास समुद्राइतके क्षार लागतात. व्हिब्रिओ कॉलेरीस मात्र अत्यल्प सोडियम पुरते. समुद्रापासून दूरच्या तळ्यांत, नद्यांत व विहिरींत तो तग धरू शकतो, ह्याचे रहस्य ह्या एका गुणात आहे.

ह्या शोधाला व्यवहारात आधार मिळाला तो आपल्या घरांतील जुन्या सवयीने. बांगलादेशातील खेड्यांत जुनी साडी अनेक पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळण्यास सांगण्यात आले, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तेथे पटकीचे प्रमाण शेकडा ४८ने घटले. सुटा जिवाणू साडीच्या वस्त्रातून सहज पार होतो. अडकतो तो कोपेपॉड. तेव्हा वस्त्रगाळ पाण्याने रोग घटत असेल, तर जिवाणूंचा मोठा भाग त्या प्राण्यांवर असला पाहिजे. जीवाचे घर कोठे आहे हे ठरविणे आणि रोगास अडविणे ह्या दोन गोष्टी येथे एकच झाल्या.

रोगाची कसोटी प्रजातीसाठी अपुरी का ठरते, ह्याचे अंतिम उत्तर आनुवंशिकतेत मिळाले. कलकत्त्याचे शंभुनाथ डे ह्यांनी १९५९ साली जिवाणू गाळून काढलेल्या द्रवातही आतड्यातून पाणी स्रवविण्याची शक्ती असते हे सिद्ध केले होते. म्हणजे रोग जिवाणूच्या विषाचा होता. १९९६ साली वॉल्डर व मेकालॅनोस ह्यांनी दाखविले की त्या विषाची जनुके जिवाणूची स्वतःची नसून त्याच्या शरीरात शिरलेल्या एका विषाणूची आहेत. २००० साली व्हिब्रिओ कॉलेरीची संपूर्ण जनुकसंहिता वाचली गेली. ती सुमारे चाळीस लाख घटकांची असून दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विभागलेली आहे, आणि ही द्विगुणसूत्री रचना प्रजातीत सर्वत्र आढळते. पाहुण्या विषाणूने आणलेला गुण हा घराण्याचे लक्षण होऊ शकत नाही. द्विगुणसूत्री रचना होऊ शकते. १९९२ साली मद्रासमध्ये उद्भवून बंगालमध्ये पसरलेल्या साथीने हेच अनुभवास आणून दिले. तिचा जिवाणू नेहमीच्या रक्तरसात पुंजके बनवीत नव्हता, तरी त्याने खरी पटकी घडविली. पुढे त्यास ओ १३९ असा क्रमांक मिळाला. नकारात्मक संज्ञेखाली टाकलेल्या गटातूनच ही साथ आली होती.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पटकीचे घर समुद्र आहे, म्हणून प्रत्येक साथ समुद्रातून येते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकसंहितांच्या तुलनेवरून असे दिसते की चालू जागतिक साथीचे जिवाणू एका वंशशाखेचे असून बंगालच्या उपसागराच्या परिसरातून ते निदान तीन लाटांनी जगभर गेले, आणि त्यांचा मोठा वाहक मनुष्यच होता. समुद्र ही जातीची भूमी. साथीचे वाहन मात्र मानवी प्रवास व दूषित पाणी. दोहोंपैकी एकच सत्य धरून चालणे हा नामकरणाच्या जुन्या चुकीचाच नवा अवतार ठरेल.

८. उपसंहार

बाभुळगावापासून फार दूर नसलेल्या अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात, पाचडोंगरी व कोयलारी ह्या गावांत, २०२२ सालच्या जुलै महिन्यात उघड्या विहिरीच्या दूषित पाण्यामुळे पटकी पसरून माणसे दगावली. ज्या प्रजातीच्या नावाचा निवाडा १९६५ साली झाला आणि जिची जनुकसंहिता २००० साली वाचली गेली, तिच्यामुळे सातपुड्यातील गावांत मृत्यू घडले, ही वस्तुस्थिती अभ्यासकास अस्वस्थ करणारी आहे. वर्गीकरणाने विहीर झाकली जात नाही. परंतु विहिरीकडेच का पाहावे, केवळ रोग्याकडे का नव्हे, आणि एकदा साथ ओसरल्यावरही पाण्याची परीक्षा का चालू ठेवावी, ह्याचे उत्तर वर्गीकरणाच्या इतिहासातूनच मिळते.

म्यूलरने जे वळवळताना पाहिले, कोनने जे वाकलेले पाहिले आणि कॉखने जे रोग्याच्या आतड्यात पाहिले, त्यांपैकी प्रत्येक गोष्ट खरी होती. चूक झाली ती एका लक्षणाला संपूर्ण नावाची सत्ता देण्यात. आपल्या पूर्वजांनी मोडून पडणाऱ्या शरीरावरून मोडशी हे नाव दिले, तेव्हा त्यांनी कारण सांगण्याचा आव आणला नव्हता. शास्त्रीय नावाने तो आव आणला, आणि म्हणून त्यास वारंवार दुरुस्त व्हावे लागले. नाव दुरुस्त करण्याची ही तयारी हेच वर्गीकरणशास्त्राचे खरे सामर्थ्य होय. आणि प्रयोगशाळेत नव्याने सापडलेल्या जिवाणूला नाव देऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने त्या नावाबरोबर आपण कोणता प्रश्न विचारण्याचे सोडून देत आहोत, हेही एकदा लिहून ठेवावे.